न्हाणीतला निळा ड्रम

“एनएस-वन पॉझिटिव्ह,” डॉक्टर म्हणाले, आणि कागदावरून मान वर न करताच त्यांनी विचारलं, “घरात पाणी साठवून ठेवता का?”

“नाही,” मी म्हटलं.

एनएस-वन म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचा एक अंश. ताप आल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांत तो रक्तात सापडतो, आणि सापडला की डेंग्यू आहे असं धरून चालायचं. हे मला डॉक्टरांनी समजावलं. माझं ‘नाही’ मात्र साफ खोटं होतं, आणि ते मला कुणी समजावायची गरज नव्हती. माझ्या न्हाणीत दोनशे लिटरचा निळा ड्रम काठोकाठ भरलेला होता. शिवाय दोन बादल्या आणि एक घागर.

मी लातूरची. सध्या मालदीवच्या एका छोट्या बेटावर शाळेत गणित शिकवते. बेटाचं नाव सांगत नाही, कारण गाव एवढुसं आहे की नाव घेतलं की माणसंच ओळखू येतील. पंधरा मिनिटांत या टोकाहून त्या टोकाला चालत जाता येतं. “समुद्रावर नोकरी म्हणजे मजाच की गं,” असं आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं. मजा कसली आलीय डोंबलाची! सकाळी सातला शाळा. उकाडा असा की साडी नेसावी तर ती अंगाला चिकटून बसते, म्हणून पंजाबी ड्रेस. भाजी आठवड्यातून एकदा बोटीनं येते आणि कोथिंबीर बघायला मिळत नाही. सुट्टीहून जाताना मी बॅगेत ज्वारीचं पीठ नेते आणि ते पुरवून पुरवून खाते. पहिले दोन महिने मासळीच्या वासानं मला जेवण जात नव्हतं. आता मीच माशाच्या रश्शात भाकरी कुस्करते.

मी राहते ती खोली एका घराच्या मागच्या अंगाला आहे. घरमालकीण पन्नाशीची बाई. गाव तिला दत्ता म्हणतं. आपल्याकडं दत्ता म्हणजे बाप्या माणूस, तिकडं मात्र दत्ता म्हणजे मोठी बहीण. हे आईला फोनवर पटवायला मला महिना लागला. “बाईच्या घरात राहते म्हणलीस, मग हा दत्ता कोण?” दत्ताची लेक दुसऱ्या बेटावर हॉटेलात कामाला आहे, महिन्यातून एकदा घरी येते. तिची सात वर्षांची पोरगी, मरियम, दत्ताजवळ असते. रोज दुपारी चारला ती माझ्या खोलीत गणितं करायला यायची. दोन गणितं झाली की न्हाणीत जाऊन ड्रममधल्या मगानं पायावर पाणी ओतत बसायची. नळ शेजारीच होता, पण ड्रममधलं पाणी गार लागतं म्हणायची.

तिकडच्या न्हाणीला छप्पर नसतं. चार भिंती, खाली वाळू-खडे, एका कोपऱ्यात केळ, वर मोकळं आभाळ. मला ते फार आवडतं. डासांनाही आवडत असणार.

आता ड्रम तिथं आला कसा ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

बेटावर समुद्राचं पाणी गोड करणारं यंत्र आहे. नळाला चोवीस तास पाणी. मी गेले त्या महिन्यात एक दिवस यंत्र बिघडलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत नळ कोरडा राहिला. गावात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. लातूरला आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो. नळाचा दिवस बघून आम्ही पाहुण्यांना या म्हणतो. रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं तेव्हा मी कॉलेजात होते आणि घागर घेऊन रांगेत उभी राहिलेय. नांदेडला बी.एड. करताना हॉस्टेलच्या खाटेखाली पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायचे, तिथं पाण्याची काही अडचण नव्हती तरी. भरलेलं भांडं दिसल्याशिवाय मला झोपच येत नाही. मी तडक दुकानात गेले, निळा ड्रम घेतला आणि भर दुपारी रस्त्यानं लोटत लोटत घरी आणला. दत्ता दारात उभी होती. तिनं ड्रमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता बाजूला झाली.

लातूरच्या घरात मी होते तोवर ड्रम आठ दिवसांत आपोआप तळाला जायचा. वापर तेवढा असायचाच. बेटावर नळ काही गेला नाही. त्यामुळं ड्रममधलं पाणी वापरायची वेळच आली नाही, आणि मी ते ओतूनही दिलं नाही. दोनशे लिटर गोडं पाणी वाळूत ओतायचं? मला नाही जमलं. सहा महिने तो तसाच भरलेला होता. मरियम मग-दोन मग कमी करायची आणि मी परत भरायचे. वर एक फळी टाकली होती, ती अर्धा ड्रम झाकायची.

तर ताप. रविवारी सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. तिकडं आठवडा रविवारी सुरू होतो. खडू धरलेला हात दुखायला लागला. मग पाठ, मग डोळ्यांच्या मागं असं दुखायला लागलं की मान वळवावी वाटेना. घरी आले तर अंगात एकशे तीन ताप. मी लातूरहून आणलेली गोळ्यांची पिशवी उघडली. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं ‘अंगदुखीला लई भारी’ म्हणून दिलेली गोळी घेतली. सोमवारी आणखी दोन घेतल्या. मंगळवारी हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा आरोग्य केंद्र गाठलं.

ही पहिली गोष्ट नीट ऐका. ताप डेंग्यूचा असू शकतो अशी शंका असेल तर पॅरासिटामॉल सोडून दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी घेऊ नका. बाकीच्या बऱ्याच गोळ्यांनी रक्त पातळ व्हायची, पोटात रक्तस्राव व्हायची भीती असते. आमचे डॉक्टर बांगलादेशचे, एरवी शांत माणूस. माझी पिशवी बघून मात्र त्यांनी डोक्याला हात लावला. “मिस, तुम्ही शिकवता ना? मग हे दुकान कशाला उघडलंत?”

आणि मग ते पाण्याचं विचारलं आणि मी नाही म्हटलं.

खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. आमच्याकडं नगरपालिकेचा माणूस दारात येऊन “मोटर लावता का? टाक्या किती?” विचारतो तेव्हा शेंबडं पोरसुद्धा “न्हाई” म्हणतं. मोटर न्हाणीत पोत्याखाली झाकलेली असते. पाण्याबद्दल कुणी कागद-पेन घेऊन विचारलं की नाही म्हणायचं, हे अंगात मुरलंय. तोंडातून निघून गेलं. निघून गेल्यावर दुरुस्त करायला दोन सेकंद होते, तेही मी घालवले.

यात लाजेची गोष्ट अशी की माझी आई आशा ताई आहे. गल्लोगल्ली फिरून लोकांच्या ड्रममध्ये बॅटरी मारून बघायचं हे तिचं काम. “ताई, कालच घासला की ड्रम,” असं तिलाही सगळे सांगतात, आणि ती “हाव का? बघू बरं,” म्हणत सरळ आत घुसते. सुट्टीच्या दिवशी बॅटरी धरायला मी जायचे. अळी कशी दिसते, उजेड पडला की कशी वळवळत खाली जाते, हे मला तेव्हापासून माहीत आहे. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मंगळवारीच संध्याकाळी मरियमला ताप आला. बुधवारी तिची तपासणी झाली. एनएस-वन पॉझिटिव्ह.

एका घरात दोन रुग्ण म्हटल्यावर गावच्या कौन्सिलचे दोघेजण धूरफवारणीचं यंत्र घेऊन आले. अंगणातल्या करवंट्या उचलल्या, पन्हळ साफ केली, दुरुस्तीला काढलेल्या होडीत साचलेलं पाणी काढलं. माझ्या दाराशी येऊन एकानं विचारलं, “मिस, आत काही आहे?” मी खाटेवरून आवाज दिला, “आजारी आहे मी. इथं काही नाही.” दत्ता त्यांच्या मागंच उभी होती. तीही काही बोलली नाही. ते निघून गेले.

त्या दिवशी आईचा फोन आला. तिनं नेहमीसारखं “जय भीम, बाळा” म्हटलं आणि लगेच, “आवाज का असा येऊन राहिला तुझा?” मी म्हटलं, “नेटवर्क नाही,” आणि ठेवून दिला. तिसरं खोटं. मोजत नव्हते, पण आता मोजता येतंय.

गुरुवारी माझा ताप उतरला. मला वाटलं, सुटले! भाकरी थापायला पीठसुद्धा काढलं. रोजचं रक्त द्यायला गेले तर डॉक्टर म्हणाले, “ताप गेला म्हणून खूश होऊ नका. धोक्याचे दोन दिवस आता सुरू झाले.”

ही दुसरी गोष्ट, आणि ही मला खरंच माहीत नव्हती. डेंग्यूत ताप असतो तेव्हा त्रास जास्त, पण ताप उतरताना धोका जास्त. याला ते क्रिटिकल फेज म्हणतात, म्हणजे घाताचे दिवस. रक्तवाहिन्यांतून पातळ भाग बाहेर झिरपायला लागतो आणि आत रक्त घट्ट होत जातं. किती घट्ट झालं ते हिमॅटोक्रिट नावाच्या तपासणीत कळतं. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, त्या उतरतात. आपण सगळे प्लेटलेटचा आकडा धरून बसतो, पण डॉक्टर दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतात. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, लघवी कमी होणं, माणूस मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं की घरी थांबायचं नाही.

मरियम माझ्या शेजारच्याच बाकावर दत्ताच्या मांडीवर झोपली होती. एरवी टकाटका बोलणारी पोर. तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि परत मिटले.

शुक्रवार तिकडं सुट्टीचा. सकाळी गाव शांत होतं. मी पाच दिवसांनी अंघोळीला म्हणून न्हाणीत गेले. भिंतीला धरत धरत. फळी सरकवली आणि मोबाइलची बॅटरी लावली. का लावली? आई लावते म्हणून. उजेड पडला, आणि पाण्यावरची काळपट रेघ हलली आणि वळवळत खाली गेली.

अळ्या होत्या. पाच-दहा नव्हेत. पाणी त्यांनीच भरलं होतं.

मी मगानं पाणी उपसायला लागले. पाणी वाळूत ओतायचं नाही म्हणून सहा महिने जपलं, ते आता मगा-मगानं ओतत होते. ड्रम कलंडवायची ताकद अंगात नव्हती. वीसेक मग झाले असतील. डोळ्यांपुढं अंधारी आली, घाम फुटला, पोटात कळ आली. ड्रम चार बोटंही उतरला नव्हता. तेव्हा मला स्वच्छ कळलं की हा ड्रम मला एकटीला रिकामा करता येणार नाही. कुणालातरी बोलवावं लागणार, आणि बोलावलं की सांगावं लागणार.

सांगितलं तर खोली जाईल. खोली गेली तर कदाचित नोकरीही जाईल, कारण एवढ्याशा गावात कुणी दुसरी खोली देणार नाही. हे सगळं मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण पलीकडच्या खोलीतून मरियमच्या उलटीचा आवाज आला. मी हाक मारली.

दत्ता आली. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालतं, सिनेमे बघून शिकलेली तिची हिंदी माझ्याहून बरी आहे. मी म्हटलं, “दत्ता, या पाण्यात अळ्या आहेत. ड्रम माझा आहे. डॉक्टरांना मी नाही म्हणून सांगितलं. कौन्सिलच्या लोकांनाही खोटं सांगितलं. मरियमला यातनंच झालं असेल.”

तिनं ड्रममध्ये वाकून बघितलं. मग दोन्ही हात काठाला लावून, पाय भिंतीला टेकवून तिनं तो ड्रम असा ढकलला की पाण्याचा लोंढा केळीला जाऊन आपटला. मी भिजले. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “ऊठ. मरियमला रक्ताची उलटी झालीय. बोटीला फोन केलाय. तूही चल.”

आरोग्य केंद्रात तपासलं तर माझा हिमॅटोक्रिट चढला होता आणि प्लेटलेट वीस हजारांच्या खाली आल्या होत्या. निरोगी माणसाला दीड लाखाच्या वर लागतात. मरियमचं रक्त माझ्याहून घट्ट झालं होतं आणि तिची नाडी हाताला नीट लागत नव्हती. तिथं एवढ्याला इलाज नाही. मोठं हॉस्पिटल दुसऱ्या बेटावर, स्पीडबोटीनं दीड तास.

त्या दीड तासाबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही. दोघींच्या हाताला सलाईन. मी एका बाकावर आडवी, समोर दत्ता मरियमला मांडीवर घेऊन बसलेली. समुद्र खवळलेला होता. बोट लाटेवर आपटली की दत्ता एका हातानं मरियमला धरायची आणि दुसऱ्या हातानं मी पडू नये म्हणून माझा खांदा दाबून धरायची. दीड तास तिनं तो हात काढला नाही, आणि दीड तास माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मनात एकच म्हणत होते, हिला काही होऊ देऊ नका. माझं काय व्हायचं ते होवो. असं सिनेमात म्हणतात, मला वाटायचं कुणी खरं म्हणत नाही. म्हणतात.

हॉस्पिटलात बायका-पोरांचा एकच वॉर्ड होता. आम्ही शेजारी-शेजारी. दर सहा तासांनी रक्त, दर तासाला रक्तदाब, आणि लघवी किती झाली ती मोजून लिहायची. डेंग्यूवर औषध असं नाहीच. सलाईन मोजून द्यायचं, कमी नाही आणि जास्तही नाही, आणि शरीर सावरेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचं. मला वाटायचं लगेच प्लेटलेटच्या पिशव्या लावतील. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “रक्तस्राव होत नसेल तर नुसता आकडा कमी म्हणून लावत नाही.” मरियमला मात्र शुक्रवारी संध्याकाळी रक्त द्यावं लागलं. गटाचा माणूस शोधायला बोटीवाल्यानंच फोन फिरवले आणि तासाभरात चौघेजण येऊन उभे राहिले.

शनिवारी मी आईला खरं सांगितलं. डेंग्यू म्हटल्याबरोबर तिनं पहिला प्रश्न विचारला, “ड्रम कुणाचा?”

“माझा.”

मग ती म्हणाली, “दिवसभर लोकांच्या घरात बॅटऱ्या मारत फिरले मी. आणि माझीच पोरगी...” आणि रडायला लागली. मग रडता रडताच सूचना सुरू. पपईच्या पानाचा रस पी, शेळीचं दूध मिळतंय का बघ, मी येते. “पासपोर्ट कुठंय तुझा?” मी विचारलं. “न्हाई तर न्हाई. होडी करून येते.” त्या अवस्थेत मला हसू आलं, आणि हसल्यावर पोट दुखलं. डॉक्टरीणबाईंना पपईच्या पानाचं विचारलं. त्या म्हणाल्या, “पातळ पेज प्या, शहाळं प्या, मीठ-साखरेचं पाणी प्या. पानांच्या भरवशावर राहू नका.”

माझ्या मनात जे खदखदत होतं तेही मी त्यांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. डास चावल्यापासून ताप यायला चार दिवस ते आठवडाभर लागतो. म्हणजे मंगळवारी मी खोटं बोलले त्यानं मरियमला ताप आला नाही, तिला डास आधीच चावला होता. “तुमच्याच ड्रममधला डास होता की होडीतला, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण ड्रममध्ये ज्या अळ्या होत्या त्यांचे डास पुढच्या आठवड्यात उडाले असते, आणि शेजारी पोरं आहेत.” यानं बरं वाटावं की वाईट, मला कळेना. अजून कळत नाही.

रविवारी दुपारी मरियम उठून बसली आणि तिनं खायला मागितलं. नाडी भरली होती, हिमॅटोक्रिट खाली आला होता. दत्ता भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मग ती माझ्या खाटेशी येऊन बसली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली. “डॉक्टरांना खोटं का सांगितलंस?”

मी लातूरचं सांगितलं. दहा दिवसांचा नळ, रांग, रेल्वेनं आलेलं पाणी, पोत्याखालची मोटर. सगळं सांगितलं. तिला नवल वाटेल असं मला वाटलं होतं. तिनं नुसती मान हलवली.

“सुनामी आली तेव्हा आमच्या सगळ्या विहिरी खारट झाल्या,” ती म्हणाली. “बोटीनं पाणी यायचं, माणशी मोजून. त्यानंतर माझी आई मरेपर्यंत पातेल्यांत, डब्यांत, जिथं मिळेल तिथं पाणी भरून ठेवायची. नळ आला तरी. तू ड्रम लोटत आणलास ना, तेव्हा मला तीच दिसली. म्हणून मी काही बोलले नाही. कौन्सिलची माणसं आली तेव्हाही बोलले नाही. मला वाटलं, हिला लाज वाटेल.” मग म्हणाली, “नात माझी आहे. मी बोलायला पाहिजे होतं.”

मी तिचा हात धरून रडले. ती मात्र लगेच उठली आणि पेज आणायला गेली.

मंगळवारी आम्ही तिघी परत आलो. खोली गेली नाही. अशक्तपणा दीड महिना राहिला आणि केस मुठीनं गळाले. ते परत येतात, घाबरू नका. दुसऱ्या वेळी वेगळ्या जातीच्या विषाणूनं डेंग्यू झाला तर तो जास्त जोराचा असू शकतो, म्हणून आम्हा दोघींना जन्मभर जपायचं आहे. ड्रम मी खरडून घासला, कारण डासाची अंडी काठाला चिकटून कोरड्या ड्रममध्येही महिनोन्‌महिने टिकतात. मग तो न्हाणीत पालथा घातला. त्यावर आता मरियम बसते. दर शुक्रवारी ती अंगणातली प्रत्येक करवंटी पालथी करते, शेजाऱ्यांच्या घरात घुसून बादल्या तपासते, आणि मी सुट्टीवर असले तर ड्रमवर बसून फोटो पाठवते.

हे मी लातूरहून लिहिते आहे, सुट्टीवर. इथं नळ आठ दिवसांनीच येतो, साठवू नका असं मी कुठल्या तोंडानं सांगू? साठवा. पण आठवड्यात एकदा भांडं कोरडं झालंच पाहिजे, कारण अंड्याचा डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. तळाला उरलेलं पाणी ओता, काठ घासा, मग नवं भरा. आणि कुणी कागद-पेन घेऊन विचारलं तर खरं सांगा. ती माणसं मोटर जप्त करायला आलेली नसतात.

बोलायला सोपं आहे. गेल्या आठवड्यात नळाचा दिवस होता. मी बघितलं तर आमच्याच घरातला ड्रम निम्मा भरलेला. आई घरात एकटी असते, तिचा वापर तो किती. ती त्यातलं लागेल तेवढं पाणी घागरीनं काढायची आणि नळ आला की उरलेल्यावरच नवं ओतायची. वर्षानुवर्षं! जगाला ‘कोरडा दिवस पाळा’ सांगणारी बाई.

“आई, ओत ते.”

“येडी झालीस का? निम्मा ड्रम हाय. चांगलं पानी हाय.”

“माझंही चांगलंच होतं.”

तिनं घागर खाली ठेवली. मग आम्ही दोघींनी मिळून ड्रम दारातल्या लिंबाच्या बुडाशी नेला आणि कलंडला. पाणी जात होतं तोवर तिनं तोंड दुसरीकडं केलं होतं. समोरच्या मावशी ओरडल्या, “अगं, पानी सांडून राहिल्या की तुम्ही!” आईनं काथ्यानं ड्रम आतून घासला, काठ दोनदा घासले, उन्हात पालथा घातला. नळाला धार लागली होती, घागरी भरायच्या होत्या, तरी ती त्या ड्रमवर जाऊन बसली. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले.

“काढ फोटो,” म्हणाली. “पाठव त्या पोरीला.”